बरणी क्रमांक एकेचाळीस

मी, डॉ. दौलत सावळाराम केणी, वय अडुसष्ट, धंदा कुत्र्यामांजरांचा दवाखाना, मूळ गाव पूर्णा, हल्ली राहणार भिवंडी, अंजूरफाट्याच्या रस्त्यावर दवाखान्याच्याच वरच्या खोलीत, हा कागद पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला वार विचारला, तारीख विचारली आणि शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला सांगितले. मी दोनपर्यंत आलो. त्या मध्येच "पुरे, पुरे" म्हणत होत्या, पण सुरू केलेले काम अर्धे टाकायची मला सवय नाही.

शरीराचे म्हणाल तर म्हाताऱ्या मांजरांचे शेवटी जे होते तेच माझे झाले आहे. दोन्ही मूत्रपिंडे कामातून गेली. माझ्या रक्ताचे आकडे एखाद्या मांजराचे असते तर मी मालकाला बाजूला घेऊन म्हटले असते, "आता त्याला आवडेल ते खायला घाला." मला कोणी बाजूला घेतले नाही, मीच रिपोर्ट वाचला. म्हणून घाई.

या कागदाचे खरे कारण पहिल्यांदाच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला पानभर वाट बघावी लागू नये. माझा कंपाउंडर रघुनाथ चिंधू भोईर, राहणार खारबाव, सहा वर्षांपूर्वी पिसाळी रोगाने, म्हणजे रेबीजने, वारला. तो माझ्या चुकीने वारला. त्याची मुलगी रूपा हिला हे माहीत नाही. मला माझा दवाखाना तिला द्यायचा आहे, आणि हे कळल्यावर ती तो घेणार नाही. न सांगता दिला तर ती आनंदाने घेईल, आणि मी मेल्यावरही तिला फसवत राहीन. या पेचातून मला काही वाट दिसत नाही. वकील सार्थक चौघुले म्हणाला, "डॉक्टर, मृत्युपत्रात असलं काही लिहीत नाहीत." मी म्हटले, तू टाइप कर.

कलम १. एक्झिक्युटर.
या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. सार्थक चौघुले याने करावी. त्याच्या आजोबांचा पोपट मी बारा वर्षे सांभाळला, त्यामुळे त्याला नाही म्हणायला तोंड नाही. त्याने मला एक नियम समजावून सांगितला, तो इथे नोंदवतो: जो माणूस मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून स्वतःसाठी काही घेता येत नाही. घ्यायचे असेल तर सही करू नये, सही केली तर घेता येत नाही. साक्षीदार म्हणून शेजारचा झेरॉक्सवाला दामू आणि सार्थकचा कारकून असे दोघे ठरले आहेत. दोघांनाही मी काही ठेवलेले नाही. दामूने नाराज होऊ नये, त्याच्या कुत्रीच्या नऊ पिल्लांचे बाळंतपण मी चहावर केले आहे.

कलम २. पूर्ण्याची जमीन आणि पुतण्या.
वडिलोपार्जित जमिनीवर आता गोडाऊन उभे आहे, भात पिकत होते यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. त्यातला माझा हिस्सा पुतण्या सागर याला जावा, तो तसाही तोच वापरतो. सागरला माझ्याबद्दल काडीचा आदर नाही. हळदीच्या मांडवात, भरल्या पंगतीत तो मोठ्याने म्हणाला होता, "आमचे काका ढोरांचे डॉक्टर असते तरी बरं झालं असतं, हे तर माजरांचे." सगळे हसले. माझे वडीलही हसले असते, कारण त्यांनी मला परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात घातले ते घरच्या म्हशींसाठी. मी परत आलो आणि भिवंडीत कुत्र्यामांजरांचा दवाखाना टाकला. साल चौऱ्याऐंशी. दंगलीनंतरचे गाव, अर्धे लूम बंद, आणि हा शहाणा मांजरांची नाडी बघणार. वडील तीन वर्षे माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचे चुकले असे मला आता वाटत नाही.

कलम ३. कांडी.
कांडी ही माझी मांजर, रंग करडा, वय अंदाजे तेरा, एक डोळा नाही. ती मला एका लूमवाल्या बाईने आणून दिली तेव्हा तिच्या तोंडातून सूत लोंबत होते. बाई म्हणाली, "डॉक्टर साब, मैंने बहुत खींचा, निकलता ही नहीं." देव करो आणि असे कोणी न ओढो. भिवंडीची मांजरे सूत गिळतात, कारण भिवंडीत जमिनीवर सूतच पडलेले असते. एक टोक जिभेखाली अडकते, दुसरे आतड्यात जाते. ओढले की आतडे धाग्यावर चुणते आणि कापले जाते. सूत दिसले की टोक तिथेच कापायचे, पोट उघडायचे आणि आतून काढायचे. हे मी उभ्या जन्मात शेकडो वेळा केले आणि एकदाही घाई केली नाही. म्हणूनच पुढे लिहिले आहे ते मला स्वतःलाच पटत नाही.

कांडी कोणाकडे द्यावी हे मला सुचत नाही. कोणी घेणार नाही. दवाखान्याच्या पायरीवर तिला बसू द्यावे, एवढेच.

कलम ४. पत्नीच्या वस्तू.
माझी पत्नी जानकी अकरा वर्षांपूर्वी गेली. आम्हाला मूल नाही. तिची शिलाई मशीन रघूने दवाखान्यात नेली होती, तिच्यावर तो कुत्र्यांच्या तोंडाला बांधायच्या मुसक्या शिवायचा. लूमचे जुने कॅनव्हासचे पट्टे भंगारवाल्याकडून आणायचा आणि मुसक्यांचे पाच मापांचे संच करून भिंतीवर टांगायचा, पॉमेरियनपासून गोडाऊनच्या राखणदारापर्यंत. बाजारातली मुसकी सुटायची, रघूची कधी सुटली नाही. मशीन आणि मुसक्या पुढील कलमात धराव्यात.

कलम ५. दवाखाना.
तळमजल्याचा दवाखाना, वरची खोली, स्टीलचे टेबल, वजनकाटा, शस्त्रक्रियेची हत्यारे, ती उकळायचा डबा, फ्रीज, चाळीसेक वर्षांची जनावरांची कार्डे, आणि खिडकीवरच्या फळीवरच्या सर्व बरण्या, हे सगळे मी कु. रूपा रघुनाथ भोईर हिला देतो.

बरण्यांबद्दल सांगणे भाग आहे. जनावरांच्या पोटातून, घशातून जे जे निघाले ते मी औषधात घालून फळीवर ठेवत आलो. माणसे बघून हसतात आणि घरी जाऊन जमीन झाडतात, हा त्यामागचा हेतू. सुताच्या गुंडाळ्या अकरा, लूमची सुई, मक्याचे कणीस, लग्नातली अंगठी, एका बोक्याच्या पोटातले अख्खे रबरी बेडूक. प्रत्येक बरणीवर रघूच्या हस्ताक्षरात चिठ्ठी आहे. अक्षर मोत्यासारखे वगैरे नव्हते, पण तारीख तो कधी चुकला नाही.

बरणी क्रमांक एकेचाळीस. चिठ्ठीवर लिहिले आहे: "लॅब्रा, वडपे, मटणाचं हाड, १९ फेब्रुवारी २०१९."

त्या मंगळवारी वडप्याचा लडकूशेठ आपला लॅब्राडॉर घेऊन आला. जमिनी विकून गबर झालेला माणूस, चार गोडाऊनचा मालक, कुत्रा गोडाऊनच्या आवारात मोकळा असायचा. कुत्र्याचा खालचा जबडा लोंबत होता, लाळ गळत होती. शेठ म्हणाला, "डॉक्टर, परवा मटण झालं, हाड अडकलंय घशात. बघा, खात न्हाय, पीत न्हाय."

पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या पोराला विचारा. जबडा लोंबतो, गिळता येत नाही, लाळ गळते, म्हणजे आधी काय मनात यायला हवे? पिसाळी. सगळेच पिसाळलेले कुत्रे धावून येत नाहीत, काही नुसते गप्प बसतात आणि जबडा पाडतात. आणि मालक दर वेळी हेच सांगतो की हाड अडकलंय. पुस्तकात हे वाक्य आहे, परीक्षेत मी ते लिहिले आहे, पास झालो आहे. पस्तीस वर्षे धंदा केलेल्या माणसाने काय करावे? त्याने हाड शोधले.

शेठ म्हणाला, "इंजेक्शनं सगळी झालीत." कार्ड पाठीमागच्या खोक्यात होते, हात मागे केला असता तर मिळाले असते. नंतर काढून बघितले, पिसाळीची लस दोन वर्षे चुकली होती. मुसकी भिंतीवर होती. मी म्हटले, "मुसकी कशाला रे रघू, जबडाच मिटत नाही तर चावणार कसा?" माझा विनोद. शेठ हसला, रघू हसला. हातमोज्यांच्या खोक्यात एकच जोड उरला होता. तो मी घातला. रघूने उघड्या हातांनी जबडा धरला. फिनेल आणि साबणाने त्याच्या बोटांना बारा महिने भेगा असायच्या, लाळ त्याच्या कोपरापर्यंत वाहिली.

आणि हाड निघाले! हेच तर दुर्दैव. टाळूवर, दोन दाढांच्या मध्ये आडवे बसलेले, करंगळीएवढे. मी चिमट्यात धरून वर केले आणि म्हणालो, "हे बघा लडकूशेठ." आजारी कुत्र्याच्या तोंडात हाड सापडले म्हणजे आजार हाडाचाच असे होत नाही, त्याला गिळताच येत नव्हते म्हणून ते तिथे राहिले होते. हाड काढल्यावरही जबडा मिटला नाही. मी म्हटले, सूज आहे, उतरेल. रघूने हाड धुतले, बरणीत टाकले, चिठ्ठी लिहिली.

इथपर्यंतची चूक ही चूक म्हणता येईल. पुढची चूक नव्हे.

शुक्रवारी सकाळी लडकूशेठचा फोन आला. कुत्रा मेला. शेवटी पाणीही गिळत नव्हता, "आवाज पन कसातरीच झाला व्हता, घोगरा." गोडाऊनमागे जेसीबीने खड्डा करून पुरलाही. घोगरा आवाज ऐकला आणि मला कळले. त्याच क्षणी म्हणायला हवे होते, शेठ, कुत्रा उकरून काढा, डोके तपासायला पाठवू, तुमच्या घरातल्या सगळ्यांनी सुया घ्या. मी म्हणालो, "फुप्फुसात लाळ गेली असेल." शेठच्या घरातल्या कोणाला काही झाले नाही, यात माझा काही गुण नाही.

रघू टेबल पुसत होता. त्याने फोनवरचे माझे बोलणे ऐकले. फडके तसेच हातात धरून विचारले, "डॉक्टर, मी सुई घेऊन येऊ का?"

सरकारी दवाखाना दहा मिनिटांवर. सुई फुकट. मला माझी प्रतिबंधक सुई दर थोड्या वर्षांनी घ्यायची आठवण असायची, रघूला "तू पण घे रे" म्हणायचो आणि घेतली का ते विचारायचो नाही. त्या दिवशी मी हो म्हटले असते तर माझे काय गेले असते? एवढेच, की दौलत केणीने पिसाळलेल्या कुत्र्याच्या तोंडात हाड शोधले, हे रघूला कळले असते. झेरॉक्सवाल्या दामूला कळले असते. चार दिवसांत सागरला कळले असते. मी म्हणालो, "हाड निघालं ना तुझ्यासमोर? चिठ्ठी कोणी चिकटवली, तूच ना? मग उगाच काय घाबरतोस!"

रघू म्हणाला, "बरं." आणि टेबल पुसू लागला. एकोणीस वर्षांत तो माझ्यापुढे "बरं" सोडून दुसरे काही फारसे बोलला नव्हता.

त्रेचाळिसाव्या दिवशी, सकाळी अकराच्या चहाला, त्याने कप तोंडाला लावला आणि खाली ठेवला. परत उचलला, परत ठेवला. नळाखाली हात धुवायला गेला आणि दचकून मागे सरला. मग माझ्याकडे बघितले. त्याने माझ्याबरोबर कितीतरी कुत्री तशी बघितली होती, त्याला शिकवायची गरज नव्हती. म्हणाला, "डॉक्टर, हाड व्हतं. पन नुसतं हाड नव्हतं." आवाजात राग असता तर मला बरे वाटले असते.

मुंबईच्या सरकारी रुग्णालयात कागद भरताना विचारले, कुठे चावले? मी शेजारी उभा होतो, तोंड उघडणार होतो. उघडणार होतो असे मी सहा वर्षे स्वतःला सांगत आलो आहे. रघू माझ्याकडे बघत म्हणाला, "खारबावच्या फाटकाजवल. भटका कुत्रा व्हता." त्यांनी लिहून घेतले. मी गप्प बसलो. पाचव्या दिवशी तो गेला. लोक म्हणाले, भटक्या कुत्र्याने घात केला, आणि डॉक्टरने बिचाऱ्याचे सगळे क्रियाकर्म केले, देवमाणूस आहे.

रूपा तेव्हा बारावीला होती. तिने आपण होऊन पशुवैद्यकाला नाव घातले. सगळे डॉक्टर माणसांचे होतात, बाबांचे काम मी करणार, म्हणाली. आता तिची इंटर्नशिप संपत आली आहे. दर रविवारी माझ्याकडे शस्त्रक्रियेला उभी राहते, हात माझ्यापेक्षा हलका आहे, टाके बारीक घालते. मला डॉक्टरकाका म्हणते. दर सात एप्रिलला, बापाच्या तारखेला, ती खारबावच्या भटक्या कुत्र्यांना लस टोचते, म्हणजे दुसऱ्या कोणाचा बाप जाऊ नये. फाटकापासून सुरुवात करते. मी सिरिंज भरून तिच्या हातात देतो. मागच्या वर्षी एका बिचाऱ्या लाल कुत्र्याला कुरवाळत ती म्हणाली, "काका, ह्यांचा राग यायचा मला. आता नाही येत. त्याला तरी कुठं कळत होतं." मी सिरिंज भरली. भरलीच. माझ्यासारखा नीच माणूस मी दुसरा बघितला नाही.

म्हणून या कलमाची अट अशी: माझ्या मृत्यूनंतर सार्थकने रूपाला समोर बसवून हे कलम पहिल्या अक्षरापासून वाचून दाखवावे, आणि मगच घेणार की नाही ते विचारावे. तिने बरणी क्रमांक एकेचाळीस फोडली तरी चालेल. मला वाटते ती काही फोडणार नाही, नुसती उठून जाईल. ते जास्त वाईट.

घेतलाच दवाखाना, तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. धागा ओढायचा नाही. आणि जबडा लोंबत असेल तर हाड शोधायचे नाही, आधी कार्ड बघायचे.

कलम ६. बँकेतली ठेव.
बँकेतली सर्व मुदत ठेव मी श्रीमती ठकुबाई रघुनाथ भोईर, रघूची पत्नी, यांना देतो. दर दिवाळीला मी त्यांच्याकडे फराळ आणि साडी घेऊन जात आलो. त्या ओट्यावर बसायला पाट देतात, चहा देतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी दहा मिनिटांत उठतो.

कलम ७. उरलेले आणि नाकारलेले.
वरील कोणी आपली वस्तू नाकारली, किंवा कायद्याने ती त्यांना मिळू शकली नाही, तर ती सर्व पुतण्या सागर याला जाईल. तो दवाखान्यात ट्रान्सपोर्टचे ऑफिस काढणार, हे त्याने मला तोंडावर सांगितले आहे. फळीवरच्या बरण्या नाल्यात जातील.

*

येथपर्यंतचा मजकूर सार्थकने टाइप करून आणला. पुढचा माझ्या हाताचा आहे. आज दुपारी सह्यांसाठी दवाखान्यात बसलो तेव्हा जे घडले ते सहीच्या आधी लिहिणे मला आवश्यक वाटते. सार्थक म्हणतो त्याला कायद्यात जागा नाही. असू दे.

मी ठकुबाईंना खारबावहून बोलावून घेतले होते. रूपाला बोलवायचा धीर नव्हता, म्हणून तिच्या आईला बोलावले. म्हटले, निदान यांना माझ्या जिवंतपणी कळू दे. दामू होता, सार्थक होता, त्याचा कारकून होता. ठकुबाई रघूच्या स्टुलावर बसल्या. सार्थकने सगळे वाचले. दामूने मध्येच "अरे देवा" म्हणून तोंडावर हात ठेवला. ठकुबाई कांडीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, तो हात थांबला नाही.

वाचून झाले. मी म्हणालो, "ठकुबाई, मी तुमचा गुन्हेगार आहे. काय बोलायचे ते बोला."

त्या म्हणाल्या, "मना ठाव हाय."

मी म्हणालो, काय ठाऊक आहे?

"सगला. त्यानं मना हास्पिटलात सांगलंन. पानी न्हाय पीत व्हता, पन बोलत व्हता. मनला, हाडाचा कुत्रा व्हता, डॉक्टरच्या टेबलावरचा. मनला, कुनाला सांगू नको. दवाखाना बंद परंल, मंग जनावरं कुठं जातील? मना रूपाची शपथ घातलीन." मग त्या म्हणाल्या, "सा वरसं मी तुमच्या तोंडाकरं बगतंय. दर दिवालीला. मनात मनतंय, आज बोलल ह्यो मानूस. तुमी चहा पिऊन जाव."

सहा वर्षे मी समजत होतो की मी लपवतो आहे. लपवत त्या होत्या, मी नुसता पळत होतो. रघूने मरताना माझा दवाखाना वाचवला, आणि त्याच्या बायकोने तो सहा वर्षे वाचवत ठेवला, आणि मी त्यांच्या ओट्यावर साड्या नेत राहिलो.

मग त्यांनी सार्थकला विचारले, "वकीलसायब, साक्षीदाराचा का मनलाव तुमी? सही केली तं काय भेटत न्हाय?"

सार्थक म्हणाला, "नाही मावशी. तुम्ही सही केलीत तर सहावं कलम पडेल. ठेव सागरला जाईल."

"आन पोरीचा?"

"पोरीचं तसंच राहील. तिला त्याने काही बाधा येत नाही."

"मंग मी करतंय सही. ह्या पोराला बसू द्या." त्या कारकुनाकडे बघत म्हणाल्या.

मी म्हणालो, "ठकुबाई, असे करू नका. सगळे सागरच्या घशात जाईल."

तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्यावर रागावल्या. म्हणाल्या, "म्हनून तं सागरचा नाव घातलाव ना? आमाला अरकवायला? न्हाय घेतला तं त्याला जाईल, मंग घेतीलच, असा ना?"

मी मान खाली घातली. अगदी तसेच होते. मरतानाही मी हाडच शोधत होतो.

"जाऊ द्या त्याला. मना त्यातला काय नको. मी ऐकलंय, त्याची सही करतंय. सा वरसं ह्याच्यासाठीच वाट बगितली." पेन हातात घेत त्या म्हणाल्या, "आन पोरीला ह्यो कागद वाचून दावायचा न्हाय. मेल्यावर कोन पन खरा बोलल. रविवारी येते ना ती? तोंडानं सांगा तिला. जित्तेपनी."

सार्थक म्हणाला, सहावे कलम खोडून टाकू. मी खोडू दिले नाही. लागू होणार नाही, एवढेच. ठकुबाईंना काय दिले होते आणि त्यांनी काय केले, ते दिसू दे. पाचव्या कलमातली वाचून दाखवायची अटही राहू दे, कारण मी स्वतःला ओळखतो. रविवारी मी रूपाला सांगीन असे लिहितो आहे. सांगितले तर काय होईल तेही मला दिसते. रूपा ॲप्रन काढील, तिचा बाप आपला टांगायचा त्याच खिळ्याला टांगील आणि निघून जाईल. मग मला इथे काही उरणार नाही, आणि माझ्यामागे शटरवर सागरची पाटी लागेल. याखेरीज दुसरे काही होईल अशी आशा मला नाही. रघूने "सुई घेऊन येऊ का" विचारले तेव्हा जे बोलायचे होते ते मी आता सहा वर्षांनी त्याच्या मुलीला सांगायचे, आणि त्याने कोणी परत येणार नाही.

हे सर्व मी वाचले, मला समजले, आणि ते माझेच आहे.

ठिकाण: भिवंडी
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

(सही) दौलत सावळाराम केणी

आमच्यादेखत सही झाली:

साक्षीदार १. दामू विठ्ठल शेलार, झेरॉक्सचे दुकान, शेजारी. (सही)

साक्षीदार २. ठकुबाई रघुनाथ भोईर, राहणार खारबाव. (सही) त्यांनी सहीखाली स्वतःच्या हाताने, सावकाश, एवढे लिहिले आहे:

"मी ऐकला. रविवारी मी पन येनार हाय."